‘कॉन्ट्रॅक्टेड स्मॉलपॉक्स’ला मराठीत काय म्हणाल?

कोरांटी
मंडळी, मदत हवी आहे. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी लसींच्या इतिहासावरचं एक इंग्रजी पुस्तक मराठीत करते आहे. त्यातली तीन प्रकरणं स्मॉलपॉक्सवर आहेत. म्हणजे देवीवर. रोगाचं नाव माहीत आहे, आता काय अडणार, असं वाटलं होतं. पण घोडं अडलंय ते शेजारच्या शब्दांपाशी.

इंग्रजीत या रोगाबरोबर काही शब्द ठरल्यासारखे येतात. माणूस स्मॉलपॉक्स ‘कॉन्ट्रॅक्ट’ करतो, नाहीतर ‘कम्स डाउन विथ’ स्मॉलपॉक्स. गावात ‘आउटब्रेक’ होतो. एखाद्याला ‘माइल्ड केस’ असते. जगला तर तो ‘सर्व्हायव्हर’, त्याचा वणांनी भरलेला चेहरा ‘पॉकमार्क्ड’. आणि शेवटी सगळं जग मिळून रोग ‘इरॅडिकेट’ करतं.

मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, “जॉर्ज वॉशिंग्टनला एकोणिसाव्या वर्षी बार्बाडोसमध्ये देवी आल्या.” संपादकांनी त्याचं “देवीच्या विषाणूचा संसर्ग झाला” केलं. ‘देवी आल्या’ ही बोली झाली, शिवाय मुलांना वाटेल की कुणी देवी प्रकट झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, म्हणूनच विचारते आहे. तुमच्या घरात हे कसं बोलत? साठीच्या पुढच्या मंडळींनी तर जरूर लिहा.

तिळगूळ
आमच्याकडे ‘देवी आल्या’च. दुसरं काही ऐकलेलंच नाही.

नदीकाठचा
तुमचं वाक्य मी भाषांतराच्या यंत्रात घालून पाहिलं. उत्तर आलं, “वॉशिंग्टनने लहान पॉक्सशी करार केला.” मग उलट्या बाजूने “आजीला १९५० साली देवी काढल्या”, म्हणजे देवीची लस टोचली, हे इंग्रजीत करायला सांगितलं. त्याने आजीच्या घरातून देवीच्या मूर्तीच बाहेर काढल्या.

दगडफूल
हाहा, करार! पण कोरांटीताई, एक गोष्ट बघा. तुम्ही ‘देवी आल्या’ लिहिलंत, ‘देवी आली’ नाही. हा अनेकवचनाचा फरक आपण न शिकता पाळतो. ‘अंगात देवी आली’ म्हणजे वारं आलं, घुमायला लागली. ‘अंगावर देवी आल्या’ म्हणजे रोग. एक ‘अंगात’, दुसरं ‘अंगावर’. एक ‘आली’, दुसरं ‘आल्या’. एवढी स्वच्छ सोय भाषेने करून ठेवली असताना मुलांचा घोटाळा होईल ही भीती मला पटत नाही. गोवर येतो, कांजिण्या येतात, तशा देवी येतात. ताप येतो तसंच. आपल्याकडे आजार येतो आणि जातो, माणूस तो ‘घेत’ नाही.

यमन
मी संपादकांच्या बाजूने. आज दहा वर्षांच्या मुलाच्या आईलासुद्धा हा रोग माहीत नाही, कारण तिच्या जन्माआधीच तो संपला. मुलांना ‘देवी’ म्हटलं की नवरात्र आठवणार. आणि रोगाला देवी म्हणायचं, मग ती कोपली म्हणायचं, मग औषध द्यायचं नाही, यात किती पोरं गेली असतील याचाही विचार करा. विज्ञानाच्या पुस्तकात सरळ ‘स्मॉलपॉक्स’ लिहा. मुलं कोविड म्हणतात, डेंग्यू म्हणतात, हेही म्हणतील.

आबा_सोलापूर
यमन, तुमचा राग समजू शकतो. पण माझे वडील देवी काढणाऱ्यांपैकी होते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या भागात वडील आले की बातमी फुटायची, “देवी काढणारे आले!” की पोरं पसार. कुणी माळ्यावर, कुणी कणगीमागे, कुणी थेट उसात. आया त्यांना ओढून आणायच्या. जी बाई शीतळादेवीला दहीभात नेऊन ठेवायची, तीच बाई पोराचा दंड वडलांच्या पुढे धरायची. तोंडाने म्हणायची, “काढा दादा देवी, येऊ नयेत म्हणून.” तिला त्यात काही उलटसुलट वाटत नव्हतं. नकार देणारे होतेच, नाही असं नाही. एका वस्तीवर वडलांना चार खेपा घालाव्या लागल्या. पण तिथल्या लोकांचं म्हणणं देवीबद्दल नव्हतंच. टोचलं की ताप येतो, दंड सुजतो आणि तीन दिवसांचा रोज बुडतो, हे त्यांचं दुखणं होतं.

सुरुवातीला वडलांकडे चक्रीचं हत्यार होतं. खाली दातेरी चकती. कातडीवर लसीचा थेंब ठेवून वर ती दाबून फिरवायची. दुखायचं फार. ज्यांच्या दंडावर रुपयाएवढे गोल खोलगट वण आहेत, त्यातले बरेच त्या चक्रीचे. पुढे दोन टोकांची सुई आली. शिलाईच्या सुईचं नेढं वरून कापल्यावर जसं दिसेल तशी. लसीत बुडवली की दोन टोकांच्या मधे बरोबर हवा तेवढा थेंब अडकून राहायचा. मग एकाच जागी भराभर पंधरा वेळा टोचायचं. वडील म्हणायचे, या सुईने माझं निम्मं काम हलकं केलं.

कोरांटीताई, शब्द विचारलेत म्हणून सांगतो. आजारासाठी ‘देवी आल्या’, लशीसाठी ‘देवी काढल्या’. साथ ‘आली’, ‘पसरली’, ‘ओसरली’. मेलेल्यासाठी ‘देवीत गेला’.

पैंजण
‘देवीत गेला’ वाचून एकदम पणजीचा आवाज आठवला. “थोरला देवीत गेला, मधला प्लेगात गेला, मग तुझे आजोबा.” इतकंच. ‘डाइड ऑफ स्मॉलपॉक्स’ला यापेक्षा जवळचं काही सापडणार नाही. ‘देवीने मृत्यू झाला’ हे दाखल्यावर लिहिण्यासारखं वाटतं.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे ‘माता आली’ म्हणत. अजूनही कांजिण्यांना म्हणतात. घरात कडुलिंबाचा पाला, फोडणी बंद, दाढी बंद. हिंदीत मोठी ती बडी माता आणि कांजिण्या छोटी माता. तमिळमध्येही अम्मै, म्हणजे आईच. पुस्तकात निदान एक चौकट टाका, देशभर या रोगाला आईच का म्हणत याबद्दल.

आणि हो, हिंदीत लस म्हणजे ‘टीका’. माझा कानपूरचा साडू बाळाला बघायला आला नि पहिलाच प्रश्न, “टीका हो गयी?” सासूबाई म्हणाल्या, “अहो, अजून बाराच दिवसांचा आहे, त्याच्यावर कोण टीका करणार?”

स्टेथोस्कोप
डॉक्टर म्हणून एका गोष्टीत पडते. ‘कांजिण्यांनाही माता म्हणतात’ हे खरं आहे आणि पुस्तकासाठी धोक्याचंही. दोन्ही वेगळे विषाणू, वेगळी कुळं. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर जास्त, तळहात-तळपायांवरसुद्धा. शरीराच्या एका भागातले सगळे एकाच अवस्थेत, म्हणजे सगळे भरलेले किंवा सगळे खपली धरलेले. कांजिण्या छातीपोटावर जास्त, आणि एकाच वेळी नवा पुरळ, पाणी भरलेला फोड आणि खपली शेजारी शेजारी दिसतात. देवीच्या तीव्र प्रकारात लस न घेतलेल्या दहातले साधारण तीन जण दगावत. तेव्हा ‘माइल्ड केस’चं भाषांतर करताना ‘कांजिण्यांसारखं काहीतरी’ असा भास होऊ देऊ नका.

‘स्मॉल’ शब्दानेही फसू नका. तो लहान कशाच्या तुलनेत, तर ‘ग्रेट पॉक्स’च्या. ते उपदंशाचं, म्हणजे सिफिलिसचं जुनं नाव. आणि ‘पॉक्स’ हे मुळात ‘पॉक’चं, म्हणजे फोडाचं, अनेकवचन. म्हणजे दगडफूल म्हणतात ते अनेकवचन इंग्रजीतही आहे, फक्त स्पेलिंगमध्ये लपलं आहे. आपल्या आयुर्वेदात या जातीच्या आजाराला ‘मसूरिका’ म्हणतात, मसुरीच्या डाळीएवढे फोड म्हणून. तिथेही नजर फोडावरच.

कोरांटी
बाप रे, एका दुपारीत एवढं! आबा, दोन टोकांच्या सुईचं वर्णन तुमची परवानगी असेल तर जवळजवळ असंच घेईन. मूळ पुस्तकात नुसती आकृती आहे.

‘माइल्ड केस’ अजून सुटलेलं नाही. ‘सौम्य स्वरूपाचा रोग झाला’ नकोय.

पैंजण
“देवी आल्या, पण थोडक्यात निभावलं.” किंवा “देवी तुरळकच आल्या.”

दगडफूल
आणि ‘सर्व्हायव्हर’साठी ‘देवीतून उठलेला’. आजारातून उठणं हा आपला नेहमीचा शब्द आहे. ‘वाचलेला’ म्हटलं की पुस्तक वाचल्याचाही भास होतो. पंजाबच्या रणजितसिंह महाराजांचं उदाहरण बघा. “लहानपणी देवीतून उठले, पण डावा डोळा गेला.” यात ‘सर्व्हायव्ह्ड’, ‘लॉस्ट हिज आय टु’ सगळं बसलं.

आबा_सोलापूर
कोरांटीताई, परवानगी कसली, वडलांना आनंद झाला असता. जरूर घ्या.

यमन
उदाहरण सुंदर आहे, मान्य. तरीही माझा प्रश्न उरतोच. ज्या मुलाला शब्दच माहीत नाही त्याला ‘देवीतून उठले’ वाचून काय कळणार?

बेळगावचा_पाव्हणा
आमच्या गावाचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ देणार नाही! बेळगावात टिळकवाडीला ‘व्हॅक्सिन डेपो’ आहे. आज लोक तिथे सकाळी फिरायला जातात, मोठाली जुनी झाडं, पाखरं. पण ही जागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देवीची लस बनवायला उभी राहिली. वासरांच्या कातडीवर लस वाढवायची, ती खरवडून घ्यायची, साफ करून गावोगाव पाठवायची. आमच्या पोरांना डेपो म्हणजे एसटीचा नाहीतर हा, एवढंच ठाऊक. मी परवा मुलीला तिथल्या झाडाखाली बसवून सांगितलं की तुझ्या आजीच्या दंडावरचा वण कदाचित इथूनच गेलाय. ती घरी येऊन आजीचा पदर सरकवून बघत बसली.

स्टेथोस्कोप
वा! आणि वासरांवरून आठवलं. इंग्रजी ‘व्हॅक्सिन’ शब्दातच गाय आहे. लॅटिनमध्ये गायीला ‘व्हाक्का’. एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ ला जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचलं ते गायीला येणाऱ्या देवीचं पाणी. सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरच्या फोडातून घेतलेलं.

दगडफूल
मग आपल्या ‘लस’ शब्दात काय आहे ते बघा. जखमेतून जे चिकट पाणी येतं त्याला आपण अजूनही ‘लस’ म्हणतो. “गळवातून लस येतेय.” पूर्वी टोचायला तेच वापरायचे. एका मुलाच्या दंडावर फोड भरला की आठवड्याभराने त्यातली लस घेऊन पुढच्या मुलाच्या दंडावर. हातावरून हातावर. हिंदुस्थानात ही लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ ला, अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. बगदाद, बसऱ्याहून अशीच हातोहात ती मुंबईपर्यंत आली होती आणि अॅनाच्या दंडावरून पुढे गेली. परवा परवा आपण सगळ्यांनी कोरोनाची ‘लस’ घेतली, तेव्हा तोंडी हाच शब्द होता. त्यात ना फोड होता, ना गाय.

तेव्हा यमन, देवीचा शब्द काढून टाकायचा म्हटलं तर ‘लस’सुद्धा काढावी लागेल.

टोरांटोकर
मधेच एक शंका. देवी ‘काढणे’ का? टोचणे कळतं. काढणे म्हणजे आत असलेली बाहेर काढणे, काटा काढतात तसं? की रांगोळी काढतात तसं, कातडीवर खूण काढणे?

वऱ्हाडी_ठेचा
बाहेर काढणेच. मोठी देवी यायच्या आधी छोटी काढून टाकायची.

पैंजण
मला गोंदणासारखं वाटतं. आजी म्हणायची, “दंडावर देवी काढलेल्या आहेत,” आणि बोट ठेवून दोन वण दाखवायची, चित्र दाखवल्यासारखे.

आबा_सोलापूर
वडलांना मी लहानपणी हेच विचारलं होतं. म्हणाले, “मी टोचतो. काढतो म्हणतात ते लोक. त्यांना विचार.” पुढच्या गावाला एका म्हातारीला खरंच विचारलं. ती म्हणाली, “जी यायची ती यायचीच. पाहुण्यासारखी थोडी आधीच बोलावून वाटेला लावायची.” दोन्ही अर्थ तिच्या एका वाक्यात आहेत, मला आजवर वेगळे करता आले नाहीत.

कोरांटी
आबा, हे वाक्य वाचून मी काम थांबवून नुसती बसून राहिले.

आता ‘इरॅडिकेट’. मूळ पुस्तकात तीन वेगवेगळे शब्द आहेत, ‘कंट्रोल’, ‘एलिमिनेट’ आणि ‘इरॅडिकेट’. मी सगळीकडे निर्मूलन केलं आणि अडकले.

स्टेथोस्कोप
कंट्रोल म्हणजे आटोक्यात आणणे. एलिमिनेट म्हणजे एका देशातून किंवा प्रदेशातून हद्दपार करणे, बाहेरून पुन्हा येऊ शकतो म्हणून पहारा चालू. इरॅडिकेट म्हणजे जगाच्या पाठीवर एकही रोगी नाही. हे शेवटचं आजवर दोनच रोगांबाबत झालंय, १९८० साली देवी आणि २०११ साली गुराढोरांची बुळकांडी.

मी ‘आटोक्यात’, ‘हद्दपार’ आणि ‘निर्मूलन’ असे तीन ठेवेन. ‘समूळ उच्चाटन’ भाषणातलं वाटतं.

नदीकाठचा
‘हद्दपार’ झकास. सहावीतल्या पोराला लगेच कळेल.

पण ‘देवी निर्मूलन’ लिहाल तेव्हा जपून. आमच्या जुन्या दवाखान्याच्या भिंतीवर पुसट अक्षरं होती, ‘राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम’. माझ्या पुतण्याने ती वाचली आणि घाबरून विचारलं, “काका, देवीचं निर्मूलन सरकार का करतंय? सप्तशृंगीचंपण?”

यमन
नदीकाठचा, हाच तर माझा मुद्दा! धन्यवाद.

आबा_सोलापूर
तो कार्यक्रम १९६२ चा. वडील त्यातच होते. शेवटची काही वर्षं टोचणं कमी आणि हुडकणं जास्त. खिशात एक कार्ड असायचं, त्यावर देवी आलेल्या बाळाचा फोटो. घरोघर, बाजारात, शाळेत दाखवायचं, “असं कुणी पाहिलंय का?” एक रोगी सापडला की त्याच्या घराभोवती, मग वाडीभोवती सगळ्यांना टोचायचं, म्हणजे रोगाला पुढे वाटच उरत नाही. १९७५ मध्ये देशातले शेवटचे रोगी सापडले, त्यानंतर तर रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपये इनाम. भिंतीवर रंगवलेलं असायचं. लोक कांजिण्यांची पोरं कडेवर घेऊन यायचे, हजार रुपये मिळतील म्हणून. वडील प्रत्येकाचे तळहात-तळपाय बघायचे. डॉक्टरबाईंनी वर लिहिलंय तसंच.

हजार रुपये कुणालाच मिळाले नाहीत, आणि घरी येऊन वडील ते आनंदाने सांगायचे.

टोरांटोकर
बांगलादेशातल्या भोला बेटावरचंही असंच आहे ना? ऑक्टोबर १९७५, रहिमा बानू ही लहान मुलगी, तीव्र प्रकारच्या देवीची नैसर्गिकरीत्या झालेली जगातली शेवटची रोगी. तिची खबर दिली बिल्किसुन्निसा या आठ वर्षांच्या मुलीने आणि तिला २५० टका बक्षीस मिळालं. कोरांटीताई, तुमच्या वाचकांच्याच वयाची.

स्टेथोस्कोप
हो, आणि सौम्य प्रकाराचा शेवटचा रोगी सोमालियातल्या मेर्का गावचा अली माओ मालिन, ऑक्टोबर १९७७. दवाखान्यात स्वयंपाकी होता. टोचलेलं दुखतं म्हणून लस टाळली होती, असं त्यानेच पुढे सांगितलं. नंतर तोच माणूस पोलिओच्या डोसासाठी आयांना समजावत गावोगाव फिरला.

दोघेही देवीतून उठले.

पैंजण
डॉक्टरताईंनीसुद्धा ‘देवीतून उठले’ लिहिलं, बघितलंत का?

यमन
बघितलं. बरं, मी दोन पावलं मागे येतो. माझं म्हणणं शब्द काढून टाका असं नको धरायला. पहिल्या पानावर ओळख करून द्या. रोगाचं मराठी नाव देवी, इंग्रजी नाव स्मॉलपॉक्स, त्याला देवी का म्हणत, आणि तो एका विषाणूमुळे होत असे. एवढं एकदा सांगितलं की पुढे खुशाल ‘देवी आल्या’ लिहा. फक्त विषाणू हा शब्द गाळू नका.

कोरांटी
यमन, हे मला शंभर टक्के मान्य. आज संपादकांशी फोनवर बोलले, आबांची म्हातारी त्यांना वाचून दाखवली. ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ओळखीचा परिच्छेद टाका आणि ‘आल्या’ राहू द्या.

आता तो परिच्छेद असा आहे, बघा बरं:

“स्मॉलपॉक्स या रोगाला मराठीत देवी म्हणत. एका विषाणूमुळे तो होई. आधी कडकडून ताप, मग चेहऱ्यावर, हातापायांवर फोड. लोक म्हणत, ‘देवी आल्या.’ त्या आल्या की काही जण देवीत जात, काही उठत. उठलेल्यांच्या तोंडावर जन्मभर वण राहत. तुमच्या घरात कुणी साठीच्या पुढचं असेल, तर त्यांचा दंड बघा. तिथे एक वेगळा वण असेल. तो देवी आल्याचा नाही, देवी काढल्याचा आहे.”

‘वण’ ठेवू की ‘व्रण’?

दगडफूल
वण.

आबा_सोलापूर
वण. आणि ‘एक’च्या ऐवजी ‘एक-दोन’ करा. माझ्या दंडावर दोन आहेत, वडलांनी स्वतः काढलेले.